नळी घालायला एक सही, काढायला दोन मंडळे: अण्णांची इच्छा कोण पाहणार?

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा आधी मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ कळेल. कवठेमहांकाळ तालुक्यात राहणारे तुमचे वडील, अण्णा, वय ७६. फुफ्फुसांचा जुना आजार, ज्याला डॉक्टर सीओपीडी म्हणतात, आणि आता त्यातच पसरलेला फुफ्फुसाचा कर्करोग. मागच्या खेपेला धाप वाढल्यावर दाखल केले, तेव्हा रुग्णालयाने घशात नळी घालून त्यांना व्हेंटिलेटरवर ठेवले. संमतीपत्रावर सही तुमची घेतली. अण्णा शुद्धीवर होते, तरी त्यांना कोणी विचारले नाही. ते सावरले, घरी आले आणि म्हणाले, "परत नळी नको." पुण्यातला धाकटा भाऊ मात्र शेवटपर्यंत सगळे करायचे, यावर ठाम आहे. अण्णांनी हे लिहून ठेवले तर चालते का, ते पाळले जाते की नाही हे सरकारचे कोणी पाहते का, आणि पाळले नाही तर दाद कोठे मागायची, असे तुम्ही विचारले आहे.

मी सांगली-मिरज परिसरात बरीच वर्षे पॅलिएटिव्ह केअरचे, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारातील वेदना आणि त्रास कमी करण्याचे काम करतो. वरवर पाहता तुमचा प्रश्न एका कागदाचा आहे, पण त्यातली खरी अडचण मला वेगळी दिसते. आपल्याकडे न्यायालयाची आणि शासनाची देखरेख जवळजवळ सगळी उपचार थांबवण्याच्या टोकाला एकवटलेली आहे. नळी घालायला नातेवाइकाची एक सही पुरते. ती काढायला दोन वैद्यकीय मंडळांची मते लागतात आणि दंडाधिकाऱ्यांना कळवावे लागते. काढताना ही सावधगिरी हवीच, कारण जमिनीचे वाद आणि बिलाचा धसका या दोन्ही गोष्टी रुग्णाच्या खाटेपर्यंत येऊन पोहोचतात. परंतु त्यामुळे होते असे की रुग्णाला काय हवे होते, हा प्रश्न अधिकृतपणे विचारला जातो तो रुग्णाला बोलता येईनासे झाल्यावर. म्हणून देखरेखीची वाट न पाहता अण्णांचे म्हणणे आत्ताच अशा ठिकाणी नोंदवून ठेवावे, जेथे डॉक्टरांना ते नळी घालण्याआधी वाचावे लागेल.

बरेच काही अण्णांच्या आजच्या स्थितीवर अवलंबून आहे, हे मान्य करून पुढे जातो. त्यांचा मेंदू शाबूत असेल, आजार काय आहे आणि उपचार नाकारल्यास काय होईल हे त्यांना समजत असेल, तर त्यांच्या उपचाराचा निर्णय त्यांचाच असतो. तुमचाही नाही आणि धाकट्या भावाचाही नाही. समीरा कोहली यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हे स्पष्ट केले आहे. त्यात रुग्ण भुलेखाली असताना आईच्या संमतीने मोठी शस्त्रक्रिया केली गेली होती. रुग्ण सज्ञान होती, भूल उतरल्यावर स्वतः निर्णय देऊ शकली असती आणि तशी तातडी नव्हती, म्हणून आईची संमती ग्राह्य धरता येत नाही, असे न्यायालयाने ठरवले. तरीही आपल्या भागातला कोणताही जाडजूड केस पेपर उघडून पाहा. दाखल होण्याचा अर्ज, जोखमीची संमती, रक्त चढवण्याची संमती, आयसीयूची संमती, पैसे भरण्याची हमी, सगळीकडे मुलाच्या किंवा जावयाच्या सह्या असतात आणि रुग्णाच्या नावापुढची रेघ कोरी. रुग्ण त्या वेळी खाटेवर बसून चहा पीत असला तरीही. यात डॉक्टरांचा दुष्टपणा नसतो. उद्या भांडायला नातेवाईक येतील, रुग्ण येणार नाही, हा व्यवहार त्यामागे असतो. पुढच्या वेळी दाखल करताना संमतीच्या कागदावर अण्णांची सही किंवा अंगठा घ्यावा, अशी मागणी तुम्ही आवर्जून करा, आणि त्यांचे नकाराचे म्हणणे डॉक्टरांनी तारीख-वेळेसह केस पेपरवर लिहावे, असा आग्रह धरा. या एका नोंदीला नंतरच्या दहा अर्जांपेक्षा अधिक वजन असते.

आता अण्णांची शुद्ध हरपल्यानंतरच्या काळाकडे येतो. अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये उपचार थांबवण्याची वाट प्रथम मोकळी केली, पण प्रत्येक वेळी उच्च न्यायालयाची परवानगी आवश्यक ठेवली. त्यानंतर ९ मार्च २०१८ रोजी कॉमन कॉज या संस्थेच्या याचिकेवर पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क घटनेच्या कलम २१ मध्ये येतो, असे म्हटले आणि आगाऊ वैद्यकीय निर्देशाला, म्हणजे बोलीभाषेतल्या लिव्हिंग विलला, मान्यता दिली. मात्र त्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी आणि जिल्हाधिकाऱ्यांनी नेमायचे मंडळ अशी वाट सांगितली होती, की प्रत्यक्षात कोणी तिकडे फिरकले नाही. २४ जानेवारी २०२३ रोजी घटनापीठानेच ती सोपी केली, आणि तुमच्या कामाचा भाग तोच आहे.

त्यानुसार अण्णांनी दोन साक्षीदारांसमोर सही करावी आणि तो कागद नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यांकडून साक्षांकित करून घ्यावा. साक्षीदार शक्यतो घराबाहेरचे असावेत. आपल्याला बोलता येणार नाही तेव्हा कोणाचे ऐकावे, यासाठी एकापेक्षा अधिक जवळच्या व्यक्तींची नावे त्यात द्यावीत. प्रत त्या व्यक्तींना आणि घरच्या डॉक्टरांना द्यावी, आणि एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेच्या सक्षम अधिकाऱ्याकडे जावी, ज्याने ती सांभाळण्यासाठी अभिरक्षक नेमायचा असतो. अण्णांचे मन बदलले तर ते हा कागद केव्हाही लेखी रद्द करू शकतात.

वेळ आल्यावर रुग्णालयाने तो कागद खरा आहे याची खात्री करायची, आणि उपचार करणारे डॉक्टर व त्या विषयातील किमान ५ वर्षे अनुभवाचे दोन तज्ज्ञ यांचे प्राथमिक मंडळ बसवायचे. त्यांचे मत उपचार थांबवावेत असे झाले, तर दुय्यम मंडळ बसते. त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सुचवलेले एक डॉक्टर आणि आधीच्या मंडळात नसलेले दोन तज्ज्ञ असतात. प्रत्येकाने शक्यतो ४८ तासांत मत द्यावे, अशी अपेक्षा आहे. दोन्ही मते जुळली की अंमल करण्यापूर्वी रुग्णालय प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवते. परवानगी मागायची नसते, फक्त कळवायचे असते. दुय्यम मंडळाने नकार दिला, तर अण्णांनी नेमलेल्या व्यक्तींना किंवा खुद्द डॉक्टरांनाही उच्च न्यायालयात जाता येते. लिहिलेला कागद नसला तरी कुटुंबाच्या लेखी संमतीने याच वाटेने जाता येते. कागद असला म्हणजे कुटुंबातला वाद मात्र बराच मिटतो, कारण मग प्रश्न "भावाला काय वाटते" हा राहत नाही.

आता या यंत्रणेचे प्रत्यक्षात काय होते ते सांगतो. आपल्याकडे मुख्य वैद्यकीय अधिकारी या नावाचे जिल्ह्याचे पद रूढ नाही, त्यामुळे मी रुग्णालयांना दुय्यम मंडळाचे पत्र जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावे लिहायला सांगतो. मिरजेसारख्या गावात, जेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि खासगी तज्ज्ञांची कमतरता नाही, तेथे दोन मंडळे जमवणे शक्य असते. जत किंवा आटपाडीच्या वीस खाटांच्या रुग्णालयाला पाच वर्षे अनुभवाचे इतके तज्ज्ञ एका आठवड्यात आणणे कठीण जाते. अथणी-रायबागकडून मिरजेला येणाऱ्या रुग्णांचे आणखी वेगळे, कारण कर्नाटक शासनाने जानेवारी २०२५ मध्ये यासाठी स्वतंत्र परिपत्रक काढले आहे, तर उपचार मात्र महाराष्ट्रात होत असतात. अभिरक्षकांच्या बाबतीत मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांच्या जनहित याचिकेनंतर २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने राज्यभर नेमणुका केल्या. तुमच्या नगरपंचायतीच्या खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला याची कल्पना नसेल, तर वाद घालू नका. माहितीच्या अधिकाराखाली १० रुपये भरून "आगाऊ वैद्यकीय निर्देशांचे अभिरक्षक कोण, त्यांचा आदेश क्रमांक काय" एवढेच विचारा. ३० दिवसांत उत्तर देणे त्यांच्यावर बंधनकारक आहे, आणि माझ्या अनुभवात असा अर्ज गेला की ती खुर्ची कोणाची हे कार्यालयालाही कळते. तोवर प्रत नोंदणीकृत टपालाने पाठवून पोहोच जपून ठेवा.

ज्या गोष्टीमुळे मी हे लांबलचक उत्तर लिहायला घेतले ती आता येते. इतकी काटेकोर वाट आखलेली असूनही आपल्या जिल्ह्यात बहुसंख्य रुग्ण तिच्यावरून जातच नाहीत. ते "डामा"वरून, म्हणजे वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घेतलेल्या डिस्चार्जवरून, जातात. आयसीयूत काही दिवस जातात, पैसे संपतात, आशा मावळते, आणि मग डॉक्टर हळूच म्हणतात, "न्यायचे असेल तर न्या." कागदावर लिहिले जाते की वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध, नातेवाइकांच्या जबाबदारीवर डिस्चार्ज. श्वास देणारा हातपंप दाबत एक मुलगा ॲम्ब्युलन्समध्ये बसतो, दारात गाडी थांबते, नळी निघते. मी पोहोचतो तेव्हा कधी कधी रुग्ण अजून सोप्यात पडलेला असतो, छातीत घरघर चाललेली, कपाळावर घाम, आणि उशाशी ठेवलेल्या पिशवीत स्कॅनचे रिपोर्ट, अँटिबायोटिकची बिले, पण वेदनेची किंवा धाप कमी करणारी एकही गोळी नाही. घरच्यांना कोणी सांगितलेले नसते की घरघर दिसते तेवढी त्रासाची नसते, कुशीवर वळवल्याने ती कमी होते, तोंड ओल्या कापसाने पुसावे. या मृत्यूला कोणतेही मंडळ बसले नाही, कोणाही दंडाधिकाऱ्यांना कळवले नाही, आणि रुग्णालयाच्या नोंदीत तो मृत्यूच नाही. तेथे तो डिस्चार्ज आहे. म्हणजे ज्या निर्णयावर सर्वाधिक देखरेख असायला हवी होती तो निर्णय देखरेखीच्या बाहेर होतो, आणि त्याचा दोष "सल्ल्याविरुद्ध" या एका शब्दाने घरच्यांच्या माथी जातो. माझे मत विचाराल तर शासनाने डामाच्या प्रत्येक कागदावर दोन रकाने सक्तीचे करावेत: रुग्णाची इच्छा विचारली होती काय, आणि सोबत वेदनाशामक व सूचना दिल्या काय. एवढ्याने सगळे सुधारणार नाही, पण तपासायला आलेल्या अधिकाऱ्याला निदान काहीतरी तपासता येईल.

गुणवत्तेवर काहीच लक्ष नाही असे मात्र म्हणता येणार नाही. सरकारी रुग्णालयांच्या राष्ट्रीय गुणवत्ता मानकांमध्ये आयुष्याच्या अखेरच्या काळातील काळजी आणि मृत्यू यांसाठी ठरलेली कार्यपद्धती असावी, असे मानक आहे. एनएबीएच, म्हणजे रुग्णालयांच्या दर्जाचे राष्ट्रीय मानांकन, घेणाऱ्या रुग्णालयांनाही अशा काळजीची पद्धत दाखवावी लागते. राज्याचे पॅलिएटिव्ह केअर धोरण २०१२ पासून आहे, आणि आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांमध्ये वृद्धांची व या प्रकारची काळजी धरलेली आहे. अडचण अशी की तपासणीत कार्यपद्धतीची फाइल पाहिली जाते. मागच्या महिन्यात दगावलेल्या रुग्णाच्या घरी जाऊन "शेवटचे दोन दिवस कसे गेले" असे विचारायला कोणी येत नाही.

मॉर्फिनबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण अण्णांना त्याची गरज पडेल. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर, आणि कमी मात्रेत धापेवरही, ते उपयोगी पडते. अण्णांच्या फुफ्फुसांमुळे मात्रा जपून वाढवावी लागेल, एवढेच. पूर्वी ते ठेवायला रुग्णालयांना निरनिराळ्या खात्यांचे परवाने लागत. २०१४ मध्ये मादक पदार्थांविषयीच्या एनडीपीएस कायद्यात दुरुस्ती झाली आणि आवश्यक मादक औषधांसाठी एकाच यंत्रणेकडून मान्यता मिळण्याची सोय झाली. आपल्याकडे ते काम अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. त्यामुळे मॉर्फिनच्या गोळ्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळणार नाहीत, मान्यताप्राप्त संस्थेतूनच मिळतील, आणि त्यांचा हिशेब ठेवावा लागेल. एका घरी सुनेने शाळेच्या वहीत रेघा मारून गोळीची वेळ, दुखणे दहापैकी किती आणि शौचास झाले की नाही, असे तीन रकाने केले होते. तिसरा रकाना मी सांगण्याआधीच तिने काढला, कारण मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतो हे तिने सासऱ्यांच्या तोंडून ऐकले होते. तशी वही ठेवा. वेदनेसाठी योग्य मात्रेत दिलेले मॉर्फिन म्हणजे दयामरण नव्हे, हेही भावाला आताच सांगून ठेवा.

अण्णांच्या कागदात काय लिहावे, यावर माझा एक आग्रह आहे. "व्हेंटिलेटर नको" असे मोघम लिहू नका. सीओपीडीच्या रुग्णाला छातीत जंतुसंसर्ग होऊन धाप वाढते आणि दोन-चार दिवसांच्या आधाराने तो पुन्हा घरी चालत येतो, असे अनेकदा घडते. मागच्या वेळी अण्णांचे तेच झाले. शिवाय तोंडावर मास्क लावून दिला जाणारा बायपॅपचा आधार आणि घशातली नळी यांत फरक आहे. अण्णांना नक्की कशाची भीती वाटते, हे आधी विचारा. नळीची? हात बांधण्याची? की घरच्यांपासून दूर, काचेच्या दाराआड जाण्याची? त्यानुसार लिहा, उदाहरणार्थ: "मास्कचा आधार चालेल. कर्करोग वाढलेला असताना श्वास थांबल्यास नळी घालू नये व छाती दाबून हृदय सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. वेदना, धाप आणि अस्वस्थता यांवरील औषधे शेवटपर्यंत द्यावीत. शक्य असल्यास मला घरी ठेवावे." हृदय पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न न करण्याबाबत आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२० च्या मार्गदर्शक सूचना आहेत, त्या तुमच्या डॉक्टरांना माहीत असतील तर केस पेपरवर तशी नोंद करणे त्यांना सोपे जाईल. रात्री दोन वाजता तुम्ही कागदाविना अण्णांना अपघात विभागात नेलेत, तर तेथील तरुण डॉक्टर नळी घालतील आणि ते त्यांचे कर्तव्यच आहे. म्हणून एक प्रत औषधांच्या पिशवीत, एक तुमच्या मोबाइलमध्ये, आणि एक ज्या रुग्णालयात नेण्याची शक्यता अधिक, तेथील डॉक्टरांकडे आधीच देऊन ठेवा.

धाकट्या भावाबद्दल. लांब राहणाऱ्या मुलाचा "सगळे करा" हा आग्रह बहुतेक वेळा अपराधीपणातून येतो, आणि त्याला फोनवरून समजावण्याचा काही उपयोग होत नाही. त्याला एका रविवारी बोलावून घ्या, डॉक्टरांसमोर बसवा, आणि बोलू द्या ते अण्णांना. नेमलेल्या व्यक्तींमध्ये त्याचेही नाव घालावे, असे मी सुचवीन. कागदाबाहेर ठेवलेला मुलगा आयसीयूच्या दारात भांडतो, कागदात नाव असलेला सहसा जबाबदारीने वागतो. अण्णांचा मात्र त्याच्यावर विश्वास बसत नसेल, तर हा सल्ला सोडून द्या.

राहिली दाद मागण्याची बाब. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागणी केल्यापासून ७२ तासांत वैद्यकीय नोंदी देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. मागच्या वेळी अण्णांना दाखल केले होते, तेव्हाच्या नोंदींची प्रत याच आधारे आत्ता मागून घ्या. तक्रार करायची नसली तरी घ्या, कारण त्यात अण्णांची शुद्ध कशी होती याची नोंद असेल. खासगी रुग्णालयांना शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखालील २०२१ च्या सुधारित नियमांनुसार रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते आणि तक्रार निवारणाची सोय असावी लागते. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या हद्दीत तक्रार महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे जाते, बाहेर जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेकडे. डॉक्टरांच्या वर्तनाबद्दल महाराष्ट्र वैद्यकीय परिषद आहे, आणि पैसे घेऊन दिलेल्या सेवेतील त्रुटीसाठी जिल्हा ग्राहक आयोग, तेथे २ वर्षांची मुदत असते. यातली कोणतीही यंत्रणा तातडीची नाही. रुग्ण खाटेवर असतानाच काही घडवायचे असेल, तर रुग्णालयाच्या अधीक्षकांना अण्णांच्या कागदाची प्रत जोडून लेखी पत्र द्यावे आणि आवक शिक्का घ्यावा. शिक्का बसलेला कागद फाइलमध्ये असताना त्याच्या विरुद्ध जाण्याआधी कोणीही वरिष्ठांना विचारतो.

एक शेवटची गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण घरी ठेवायचे ठरले तर ती आधी ठरवावी लागेल. घरी नैसर्गिक मृत्यू झाला तर पोलिसांना बोलवावे लागेल की काय, या भीतीने पुष्कळ कुटुंबे अखेरच्या तासात रुग्णाला पुन्हा गाडीत घालतात. आजार माहीत असलेल्या रुग्णाचा घरी मृत्यू झाल्यास उपचार करणारे डॉक्टर मृत्यूच्या कारणाचा दाखला नमुना ४ए मध्ये देऊ शकतात, आणि २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत किंवा नगरपंचायतीत नोंद करता येते. तुमच्या गावाजवळचे कोणते डॉक्टर अपरात्री येऊन अण्णांना पाहतील आणि तो दाखला देतील, हे आताच त्यांना भेटून विचारा. ते नाही म्हणाले, तर दुसरे नाव शोधायला आज वेळ आहे.